सरासरीच्या आड कोण लपले? शिबिराचे आकडे आपणच वाचू या



वस्तीत रक्त तपासणीचे शिबिर झाले की काही दिवसांनी एक आकडा कानावर येतो. ‘तुमच्या वस्तीतल्या बायकांचे सरासरी हिमोग्लोबिन साडेदहा.’ हा आकडा अहवालात जातो, सभेत वाचला जातो आणि विषय तिथेच संपतो. साडेदहा म्हणजे फार वाईट नाही, लोहाच्या गोळ्या वाटा, पालेभाजी खायला सांगा, झाले! पण जिचे हिमोग्लोबिन सात आहे, हंडा घेऊन येताना जिला वाटेत दोनदा खाली बसावे लागते, ती बाई या साडेदहात कुठे आहे? सरासरीने तिला पोटात घेतले आहे. ती कोणाला दिसत नाही.

आम्ही आधी नर्सचे काम केले, आता वस्त्यांमधून आणि पाड्यांमधून आरोग्याचे काम करतो. अक्कलकुव्यासारख्या तालुक्यात, जिथे मोलगीपासून नर्मदेच्या काठापर्यंत दवाखाना गाठायलाच अर्धा दिवस जातो, तिथे कोणाला आधी न्यायचे हे ठरवणे म्हणजे जीव वाचवण्याचे काम आहे. ते ठरवायला एक साधे चित्र उपयोगी पडते. त्याचे नाव आयतालेख. घरात दहावीचा मुलगा किंवा मुलगी असेल तर त्याच्या गणिताच्या पुस्तकात हे चित्र आहे. परीक्षेत त्याला गुण मिळतात. आज ते आपल्या तब्येतीसाठी कसे वापरायचे ते पाहू.

आयतालेख काढायचा कसा?

शिबिरातले सगळे आकडे एका कागदावर घ्या. नावे नकोत, फक्त आकडे. मग त्यांचे गट पाडा. हिमोग्लोबिन असेल तर ६ ते ७, ७ ते ८, ८ ते ९ असे एकेकाचे गट. बरोबर ८ आले तर ते ८ ते ९ च्या गटात घालायचे, हा नियम एकदा ठरवला की शेवटपर्यंत तोच. आता प्रत्येक गटात किती बायका आल्या ते मोजा आणि तेवढ्या उंचीचा खांब उभा करा. कागद नसेल तर समाजमंदिराच्या ओट्यावर खडूने रेघा मारा आणि एका बाईमागे एक मक्याचा दाणा ठेवत जा. दाण्यांचे ढीग आपोआप आकार घेतात. तो आकार म्हणजेच आयतालेख.

आता दोन वस्त्यांचे उदाहरण घेऊ. हे आकडे समजावण्यासाठी आम्हीच बनवले आहेत, ते कोणत्याही गावाचे नाहीत. दोन्हीकडे ४० बायका तपासल्या. एक ठिपका म्हणजे एक बाई.

पहिली वस्ती
६ ते ७ :
७ ते ८ : ●
८ ते ९ : ●●●●
९ ते १० : ●●●●●●●●●
१० ते ११ : ●●●●●●●●●●●●
११ ते १२ : ●●●●●●●●●
१२ ते १३ : ●●●●
१३ ते १४ : ●

दुसरी वस्ती
६ ते ७ : ●●●
७ ते ८ : ●●●●●
८ ते ९ : ●
९ ते १० : ●●●
१० ते ११ : ●●●●●●
११ ते १२ : ●●●●●●●●●●●●●●
१२ ते १३ : ●●●●●●
१३ ते १४ : ●●

प्रत्येक गटाचा मधला आकडा धरून हिशेब केला तर दोन्ही वस्त्यांची सरासरी साडेदहाच येते. अहवालात दोन्ही वस्त्या सारख्या. पण चित्र बघा. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. पहिल्या वस्तीत अशी एक बाई आहे. दुसऱ्या वस्तीत आठ आहेत. सरासरीने ही आठ माणसे झाकली, चित्राने ती पुढे आणून उभी केली.

घंटेचा आकार म्हणजे काय?

पहिल्या वस्तीचे चित्र मधे उंच आणि दोन्ही बाजूंना सारखे उतरते. देवळातली किंवा शाळेतली घंटा टेबलावर ठेवावी तसे. संख्याशास्त्रात याला प्रसामान्य वितरण म्हणतात. पुष्कळ लहान लहान कारणे एकत्र येऊन जी गोष्ट घडते ती बहुधा या आकारात बसते. माणसाची उंची आईवडिलांवर, खाण्यावर, आजारपणावर, अशा शंभर गोष्टींवर ठरते, म्हणून एका वयाच्या मुलींची उंची मोजली की घंटा तयार होते. १८४६ साली केटले नावाच्या बेल्जियमच्या संशोधकाने स्कॉटलंडच्या पाच हजारांहून अधिक सैनिकांच्या छातीची मापे मांडून हाच आकार दाखवला होता.

घंटेचा फायदा असा की आकार नीट असेल तर दोनच आकड्यांत सगळा हिशेब बसतो. एक सरासरी आणि दुसरे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पांगले आहेत त्याचे माप. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एक प्रमाण विचलन घेतले तर १०० पैकी ६८ माणसे त्यात येतात, दोन घेतले तर ९५ येतात. आपल्या पहिल्या वस्तीत प्रमाण विचलन १.३ आहे. साडेदहातून त्याची दुप्पट वजा केली तर ७.९ उरतात. त्याच्या खाली शंभरात दोन-तीन माणसे असावीत, म्हणजे चाळिसात एक. चित्रातही एकच आहे. हिशेब जुळला.

दुसऱ्या वस्तीत प्रमाण विचलन जवळपास २ येते. घंटा आहे असे गृहीत धरून हिशेब केला तर ८ च्या खाली चार बायका निघायला हव्यात. प्रत्यक्षात आठ आहेत. म्हणजे आकार न बघता सूत्र लावले की निम्म्या आजारी बायका कागदावरून गायब होतात. म्हणून आधी चित्र काढायचे आणि मग सूत्र लावायचे.

इथे एका शब्दाचा घोटाळा दूर करू. इंग्रजीत या घंटेला ‘नॉर्मल’ म्हणतात. आपल्याकडे डॉक्टर ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणाले की सगळे ठीक आहे असा अर्थ घेतला जातो. हे दोन नॉर्मल वेगळे आहेत. पहिल्या वस्तीची घंटा अगदी सुरेख आहे, पण बायकांना हिमोग्लोबिन १२ असावे लागते आणि त्या वस्तीत ४० पैकी ३५ बायका १२ च्या खाली आहेत. तिथे पूर्ण घंटाच डावीकडे सरकली आहे. अशा वस्तीत एकेका बाईला दोष देऊन चालत नाही. सगळ्यांनाच काहीतरी कमी पडते आहे: रेशनचे धान्य, डाळ, जंताच्या गोळ्या, बाळंतपणांतले अंतर, पोटाला मिळणारा आराम. उपायही सगळ्या वस्तीचा करावा लागतो.

लहान मुलांचे हेच आहे. अंगणवाडीत वजन-उंचीचे जे तक्ते वापरतात ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढले. त्यासाठी भारतासह सहा देशांतली, नीट खायला मिळालेली मुले मोजली होती. त्या तक्त्यावर दोन प्रमाण विचलनांच्या खाली शंभरात दोन-तीनच मुले असायला हवीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली, आणि आपला नंदुरबार जिल्हा त्यात राज्याच्या पुष्कळ पुढे आहे. शंभरात दोनच्या जागी छत्तीस! हे काही मोजक्या आयांच्या निष्काळजीपणाने होत नाही. दंडघेराच्या पट्टीवर लाल आलेल्या, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खालच्या मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचेच. पण तेवढ्यावर थांबलो तर सरकलेली घंटा जागेवर येत नाही.

दोन उंचवटे दिसले तर?

दुसऱ्या वस्तीच्या चित्रात दोन ढीग आहेत. एक ११-१२ जवळ आणि एक लहान ७-८ जवळ, मधे जागा जवळपास रिकामी. असा आकार सांगतो की इथे बहुधा दोन वेगळे गट एकत्र मोजले गेले आहेत. प्रश्न विचारायचा: खालच्या गटात काय वेगळे आहे?

आपल्या भागात पहिला संशय सिकलसेलचा घ्यावा. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजात हा आजार आहे, आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणात आढळतो. त्यामुळे लग्नाने नाती जोडताना ही गोष्ट आपल्या घरचीही आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन बहुधा ६ ते ९ च्या दरम्यान असते. लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात, म्हणून रक्त टिकत नाही. हाडे, सांधे, पोट असह्य दुखते. अशा माणसाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून महिनोन् महिने नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहिलो तर मूळ आजार तसाच राहतो. त्याला फॉलिक ॲसिड आणि गरजेप्रमाणे हायड्रॉक्सीयुरिया लागते, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत. लोह द्यायचे की नाही हे तपासणी करून डॉक्टर ठरवतात.

चित्र निदान करत नाही, संशय दाखवते. निदानासाठी आधी सोल्युबिलिटी चाचणी आणि मग पक्क्या खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ० ते ४० वयोगटाची तपासणी होते. ती मागून घ्या. वाहक माणसाचे हिमोग्लोबिन बहुधा ठीकच असते, म्हणून तो कोणत्याही आयतालेखात दिसत नाही, त्याला चाचणीच हवी. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची असते.

दुसरे कारणही तपासा. निम्म्या बायकांचे रक्त साहलीच्या नळीने आणि निम्म्यांचे डिजिटल यंत्राने मोजले असेल तर यंत्रांच्या फरकानेही दोन ढीग पडू शकतात. गरोदर बायका आणि बाकीच्या बायका एकत्र घातल्या तरी आकार बिघडतो, कारण गरोदरपणात रक्त पातळ होते आणि तिथे मर्यादाही १२ ऐवजी ११ ची आहे. गट वेगळे करून पुन्हा चित्र काढा. आणि एकच उंचवटा दिसला म्हणून गट एकच आहे असेही समजू नका. दोन गटांतला फरक थोडा असेल तर त्यांचे ढीग एकमेकांत मिसळून जातात.

मधेच मनोरा उभा असेल तर?

बाळांच्या जन्मवजनाचा आयतालेख काढून बघा. कित्येक ठिकाणी २.५ किलोवर एकदम उंच मनोरा दिसतो आणि २.३, २.४ च्या जागा ओस पडलेल्या असतात. निसर्ग असे खांब उभे करत नाही. बाळे २.५ वर येऊन थांबत नाहीत, लिहिणारा हात थांबतो. काही वेळा काटाच जाड मापाचा असतो, काही वेळा घाईत जवळचा पूर्ण आकडा लिहिला जातो. पण २.५ ही साधी रेघ नाही. त्याच्या खालचे बाळ कमी वजनाचे धरले जाते, त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते, आशाताईच्या जास्त गृहभेटी हव्यात, त्याला आईच्या छातीशी उबेत ठेवायला शिकवावे लागते. २.४ चे बाळ वहीत २.५ झाले की त्याचा हा हक्क शाईच्या एका फटकाऱ्याने जातो. आम्ही वॉर्डात असताना असे गोल आकडे पुष्कळ पाहिले आहेत. रक्तदाबाच्या वहीत ओळीने १२०/८० आणि १३०/८० दिसले तरी हाच प्रश्न विचारा: हे माणसांचे आकडे आहेत की पेनाचे?

एका बाजूला लांब शेपूट

काही गोष्टी घंटेत कधीच बसत नाहीत. दवाखान्याचा खर्च घ्या. बहुतेक घरांचा खर्च काही शे रुपयांत असतो, पण एखाद्या घरात ऑपरेशन निघते आणि लाखाचे कर्ज होते. असा आयतालेख डावीकडे उंच आणि उजवीकडे लांब शेपटीचा होतो. त्या एका घरामुळे सरासरी फुगते आणि कोणाच्याच खर्चासारखी राहत नाही. अशा वेळी मध्यक बघावा, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून मधोमध येणारा आकडा. आणि शेपटीतले घर विसरू नये. मदतीची गरज तिथेच आहे. मुलांच्या उंचीची घंटा सरळ असते, पण वजन थोडे उजवीकडे झुकते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेलाही वजनाच्या तक्त्यांसाठी वेगळा हिशेब करावा लागला.

घंटेवरून झालेला मोठा वाद

हा विषय शिबिरापुरता नाही. १९७१ साली पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. दर माणशी रोज २२५० कॅलरी मिळण्याएवढा खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, असे त्यांनी धरले. त्यावर सातारा जिल्ह्यात जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. ते अनेक वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत होते. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येकाच्या शरीराची गरज वेगळी असते, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. गरजांचीही घंटा असते. म्हणून सरासरी गरजेच्या खाली गेला तो प्रत्येक माणूस उपाशी असे म्हणता येत नाही. रेघ सरासरीपासून दोन प्रमाण विचलने खाली ओढावी. रेघ खाली गेली की उपाशी माणसांची संख्याही एकदम कमी झाली. दांडेकरांनी हे मान्य केले नाही आणि वाद पुष्कळ वर्षे चालला.

दोघेही विद्वान होते आणि सुखात्म्यांचा मुद्दा गणितात पोकळ नव्हता. पण एक बाई कमी जेवते ती तिच्या शरीराला कमी लागते म्हणून, की भाकरी सगळ्यांना वाढून झाल्यावर टोपलीत उरत नाही म्हणून? आकड्यात दोघी सारख्याच दिसतात. हे टोपली बघितल्याशिवाय कळत नाही. रेघ कुठे ओढायची यावर आपले धान्य ठरते, म्हणून रेघ ओढताना कोणता आकार गृहीत धरला हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

चित्र काढताना सांभाळायचे

एक, माणसे पुरेशी हवीत. पंधरा-वीस आकड्यांचे चित्र खऱ्या घंटेतून घेतले तरी वाकडे दिसू शकते. तीस-चाळीसच्या खाली आकारावरून निकाल देऊ नका. शंभर असतील तर डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवता येतो.

दोन, गट फार मोठे घेतले तर उंचवटे लपतात, फार लहान घेतले तर सगळीकडे कंगोरे दिसतात. चाळीस आकड्यांना सहा ते आठ गट बरे. गटांची रुंदी बदलून दोनदा चित्र काढा. दोन्ही वेळा जे दिसते ते खरे धरा.

तीन, चित्रात कोण नाही ते विचारा. दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. पौष-माघात शिबिर घेतले तर सर्वांत कष्टाची, सर्वांत अशक्त माणसे मोजणीतच नसतात. घंटा सुंदर दिसते, कारण डावी बाजू ट्रकमध्ये बसून निघून गेलेली असते. शिबिर शक्यतो पावसाळ्यात किंवा दिवाळीआधी लावून घ्या.

चार, भिंतीवर आकडे लावा, नावे कधीही लावू नका. सिकलसेलचे नाव फुटले की मुलीचे लग्न मोडते. ज्यांचे आकडे चिंताजनक आहेत त्यांच्या घरी जाऊन, बाजूला घेऊन सांगावे.

पुढच्या शिबिरात काय मागायचे?

शिबिर संपल्यावर आरोग्य सेविकेला किंवा डॉक्टरांना नम्रपणे म्हणा, ‘मॅडम, सरासरी नको, नावांशिवाय सगळे आकडे द्या.’ दहावीच्या मुलामुलींना बसवा. तासाभरात आयतालेख तयार होईल. मग चार प्रश्न विचारा. ढीग कुठे आहे, जागेवर की डावीकडे सरकलेला? ढीग एक आहे की दोन? कुठे खोटा मनोरा आहे का? शेपटीत कोण आहे?

घंटा सरकलेली असेल तर ग्रामसभेत रेशन, अंगणवाडीचा आहार आणि गोळ्यांचा पुरवठा यावर ठराव घ्या. दोन ढीग असतील तर सिकलसेल तपासणीची तारीख मागा. मनोरा असेल तर वजनकाटा तपासून घ्या. आणि आकार कसाही असो, ज्यांचे हिमोग्लोबिन ८ च्या खाली आहे, गरोदर असेल तर ७ च्या खाली, त्यांना त्याच आठवड्यात दवाखान्यात न्या. चित्र नंतरही पूर्ण करता येईल.